गावाला कळलंसुद्धा नाही

नॉरनेस, ९ नोव्हेंबर १९९३

ती. एव्हर्टदादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे ग्रोलिडेनला बर्फ पडला असणार आणि तू मंडळाची बर्फगाडी, म्हणजे ती बर्फावरून पळणारी मोटार, दुरुस्त करत तिच्याखाली आडवा झालेला असणार. आईची परिचारिका सोमवारी आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत आली होती. पायाची जखम भरत नाही, पण जीभ ठणठणीत आहे, म्हणाली. पट्टी आठवड्यातून तीनदा बदललीच पाहिजे, असं तिने बजावलं आहे.

आता काम. नगरपालिकेच्या रस्ते समितीला तुमच्या बर्फगाडी मंडळाची माहिती हवी आहे. साहेब म्हणाले, तुमचा भाऊच अध्यक्ष आहे ना, त्यालाच लिहू दे. दादा, सभेत बोलतोस तसं लिही. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुझं भाषण संपेपर्यंत ताटातले बटाट्याचे गोळे दगड झाले होते, तो जोर इथे लाव. वाट सपाट करायचं तुमचं जुनं यंत्र बदलून मिळावं, असं माझ्या मनात आहे.

तुझ्या रागासकट तू मला हवा आहेस, हे ध्यानात असू दे.
तुझी,
इंगेला


ग्रोलिडेन, २० नोव्हेंबर १९९३

चि. इंगेलास,
अनेक आशीर्वाद.

समितीला सांग, कान उघडे ठेवा. गावात माणसं एक्केचाळीस, त्यातली सव्वीस मंडळात. बर्फगाड्यांची बासष्ट किलोमीटर वाट आम्ही राखतो. वळणावळणावर लाल फुलीचे खांब ठोकतो, दर शनिवारी जड फळी ओढून खड्डे बुजवतो. तळं गोठलं की गिरमिटाने भोकं पाडत पलीकडच्या काठापर्यंत जातो, बर्फाची जाडी पाहतो आणि मगच पहिली गाडी सोडतो. वाट अकरा जणांच्या रानातून जाते. दर शरदात त्या अकरा घरी मी स्वतः कॉफी पितो आणि परवानगी घेतो. कागद लागत नाही, शब्द पुरतो. म्हाताऱ्यांचं सरपण आम्ही पोचवतो. ईस्टरला तळ्यावर वॉफल भाजतो, तिथे सात वर्षं अबोला धरलेले दोन शेजारी गेल्या वर्षी एका बाकावर बसले.

आणि गेला फेब्रुवारी! नगरपालिकेची रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी मोडली, आपला चौदा किलोमीटरचा रस्ता गाडला गेला. दूध, टपाल, औषधं, शाळेची पोरं, सगळी ने-आण आम्ही केली. परिचारिका बर्फगाडीमागे ओढायच्या आमच्या स्लेजवर बसून आली. हे मोठ्याने वाच: रस्ता आठ दिवस बंद होता, गावाला कळलंसुद्धा नाही.

आई तुझ्यासाठी मोजे विणते आहे. माया आहेच, ती मोजूनमापून पाठवायची मला सवय नाही.
तुझा,
एव्हर्टदादा


ग्रोलिडेन, १८ जानेवारी १९९४

इंगेलास,
आशीर्वाद या खेपेला आईकडून घे.

नगरपालिकेचा कागद आला. एक फेब्रुवारीपासून आमच्या रस्त्यावरचा बर्फ काढणं बंद. या हिवाळ्यात बंद आणि पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात बंद. कारण तिसऱ्या ओळीत, अवतरणचिन्हांत दिलं आहे. माझंच वाक्य. खाली माझं नाव, अध्यक्ष म्हणून.

ते वाक्य खोटं होतं, इंगेला. ती बढाई होती. चौथ्या दिवशी आमच्या मंडळातल्या सिक्स्टेनची दोन बोटं गारठून काळी पडली, ती गेलीच. परिचारिका आमच्या स्लेजवर आली खरी, पण सहाव्या दिवशी. तोवर आईची पट्टी जखमेला चिकटली होती. ती सोडवताना आईने उशी दातांत धरली. हे मी लिहिलं नाही, कारण मंडळाची मान खाली जाईल असं वाटलं.

पण तुमच्या साहेबांना विचार, शेजाऱ्याने भिंतीला टेकू दिला म्हणून कोणी भिंत काढून नेतं का? आमची मदत ही आमची खुशी आहे. रस्ता हा आमचा हक्क आहे. माणसं चांगली आहेत, सबब त्यांचे हक्क काढून घ्या, हा कायदा कुठल्या पुस्तकात वाचलात? गावाने कुढत, भांडत, एकमेकांना मरायला सोडलं असतं, तर आज रस्ता राहिला असता!

एकच विचारतो. पत्र मागितलंस तेव्हा तुला हे ठाऊक होतं का?
एव्हर्ट


नॉरनेस, २९ जानेवारी १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि. स्वीकारलास तर बरं वाटेल.

मागितलं तेव्हा ठाऊक नव्हतं. तुझं पत्र मीच समितीत वाचलं. टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला. मग साहेबांनी निळ्या शाईने ते एक वाक्य अधोरेखित केलं, तेव्हा उजेड पडला. त्या क्षणी उठून बोलता आलं असतं, कारण उशीची गोष्ट आईने मला गेल्या फेब्रुवारीतच फोनवर सांगितली होती. मी बसून राहिले. ही नोकरी मला अकरा वर्षांनी कायम मिळाली आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणखी वाईट पुढे आहे. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या बायकांना स्लेजवर बसायची मनाई आहे. अडीनडीला एकदा चालतं, आठवड्यातून तीनदा नाही, विमा लागू होत नाही म्हणतात. आईची पट्टी थांबून चालणार नाही. इथल्या वृद्धाश्रमात चौदा तारखेपासून एक खोली आहे.

मला शिव्या घाल, पण आईला आण.
तुझीच,
इंगेला


ग्रोलिडेन, ११ फेब्रुवारी १९९४

इंगेलास,

मंडळाने स्लेजला छप्पर बसवलं, आत मूस हरणाचं कातडं अंथरलं. ती घेऊन आम्ही सात जण शुश्रूषेच्या मुख्य बाईंकडे गेलो. त्या आत बसून पाहून म्हणाल्या, फारच सुरेख आहे, आणि नाही.

मग सभा झाली. खांब उपटा, वाट मोडा, म्हणजे नगरपालिकेचे डोळे उघडतील, असं निम्म्यांचं म्हणणं पडलं. मी बोलायला उठलो, तर दुकानवाली ब्रिटा म्हणाली की अध्यक्षसाहेब, तुमच्या तोंडाने रस्ता खाल्ला, आता वाट तरी राहू द्या. सगळे हसले. मीही हसलो आणि अध्यक्षपद सोडलं. वाट राहिली.

आईला सोमवारी बारा वाजता, जिथून तुमचा साफ केलेला रस्ता सुरू होतो तिथे आणतो. तू गाडी घेऊन ये. आपण बोलायलाच हवं असं काही नाही.
एव्हर्ट


नॉरनेस, २१ फेब्रुवारी १९९४

चि. एव्हर्टला,
आईचे आशीर्वाद, तू तोंड फिरवलंस तरी.

सोमवारी तू गाडी इतकी हळू चालवलीस की मला वाटलं मी मेलेच आहे. वळून पाहिलं तर मंडळाच्या सगळ्या गाड्या मागे रांगेने, भर दुपारी दिवे लावून. तुझ्या बापाच्या मयतालाही इतकी माणसं नव्हती. मला विचारलं असतंत तर नको म्हटलं असतं.

पट्टी वेळेवर होते. जखम भरायला लागली आहे. भरली की घरी जाईन, असं इथल्या मुलीला सांगितलं. ती माझी उशी सारखी करायला लागली. इंगेला रोज येते, कोट न काढता बसते. तिला दोन ओळी लिही. माझ्यावर लोभ असेल, तर त्यातला थोडा तिकडे वळव.

खोली बरी आहे. खिडकीखाली एक रस्ता आहे, तो बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीपाशी संपतो. तिकडे कोणी जात नाही. तरी दिवसातून दोनदा बर्फ काढायची गाडी येते आणि रस्ता खालचं डांबर दिसेपर्यंत खरवडून जाते. मी बघत बसते.

तुझी आई,
हिल्डुर