मेलेलं तेवढंच

३ नोव्हेंबर
आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी घरमालकीण दुर्गाबाईंनी माझ्या टाचांच्या भेगांत दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल भरलं. मला न विचारता! भेगा पाहिल्या आणि म्हणाल्या, "काहून घाबरता मॅडम? आमी सारेच घालतो. उद्या पाहा, लेकरावानी पाय होते." तारीख-वेळ लिहून ठेवते. तक्रार करायची तर नीट करावी, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं.

तेवढं सोडलं तर अमरावती पहिल्याच दिवशी आवडली. निवृत्तीनंतर पुणेकरांपासून लांब जायचंच होतं. वरची खोली हवेशीर, खिडकीशी शेवग्याचं झाड. जेवणात गिला वडा होता. मी दोनदा मागून घेतला.

५ नोव्हेंबर
बिब्बा उतला. उजवा पाय भोपळ्यासारखा सुजला, फोड आले. काल दिवसभर ताप होता, काही आठवत नाही. पहाटे एकदम उतरला. अंग गार, हलकं, ठणका साफ गेलेला. दुर्गाबाई चहा घेऊन आल्या, मला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि कप त्यांच्या हातून पडला. माझा आवडता कप. माफी मागायची सोडून खाली पळाल्या.

७ नोव्हेंबर
टाच काळी पडली. रिक्षाने डॉ. अमोलकडे गेले. माझा विद्यार्थी शोभेल एवढा पोरगा. त्याने ट्रिप्सिनचं मलम दिलं. स्वादुपिंडात तयार होणारं, प्रथिनं पचवणारं विकर. मी जन्मभर जीवशास्त्रच शिकवलं. हे डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं. तो म्हणाला, मलम मेलेलं मांस तेवढंच खातं, जिवंत मांसाला धक्का लावत नाही, कारण जिवंत रक्तात त्याला आवरणारी द्रव्यं असतात. मी म्हटलं, हे मी तुझ्या जन्माआधीपासून फळ्यावर लिहीत आले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ बोटाने लावायचं.

१२ नोव्हेंबर
काळं सगळं गेलं. खाली लाल मांस दिसायला हवं होतं. दिसतंय ते पांढुरकं, आणि खड्डा खोल जातोय. आत लिंबू मावेल. दुखत नाही. रक्त नाही.

डॉक्टरला झापलं, औषध बनावट आहे म्हणून. त्याने तेच मलम स्वतःच्या दाढीच्या ताज्या जखमेला लावून दाखवलं. काही झालं नाही. मग साखर तपासायला माझ्या बोटाला सुई टोचली. थेंब आला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. थंडीमुळे होतं असं, म्हणून हसला. नाडी धरली, आणि हसायचा थांबला. पैसे न घेताच मला बाहेर काढलं.

१५ नोव्हेंबर
दुर्गाबाई भाजीवालीला सांगत होत्या, "मॅडम लय तोंडाच्या होत्या, पन मनानं सोनं होत्या." मी खिडकीतून ओरडले, होत्या नाही, आहेत! दोघींपैकी एकीनेही वर पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर
अकोल्याहून भाची आली, प्राजक्ता. उंबऱ्याच्या आत आली नाही. रडली. चहा नको, पाणी नको. म्हणाली, घरी जाऊन आधी अंघोळ करते. भर थंडीत, संध्याकाळी. कशाला, हे मला कळतं. मी मूर्ख नाही.

१९ नोव्हेंबर
मलम बंद केलं, तरी चालूच आहे. टाच राहिलेली नाही. आणि ज्या बोटाने लावत होते ते — नखाखाली पांढरं दिसतंय. साबण, डेटॉल, सगळं झालं —

२० नोव्हेंबर
दुर्गाबाई अंगणात उन्हात डुलकी घेत होत्या. मलमाचा एक ठिपका त्यांच्या मनगटावर ठेवला, एक माझ्या. पाहत बसले. त्यांची कातडी जशीच्या तशी. माझी —
हाड दिसेपर्यंत पाहिलं.

२१ नोव्हेंबर
डॉ. अमोल यांस.
तुमचं मलम मेलेलं मांस तेवढंच खातं, असं तुम्ही मला सांगितलंत. ते मला खातं आहे. तेव्हा एक तर ते खोटं, नाही तर मी —
५ नोव्हेंबरपासून मी बोलते, चिडते, लिहिते. मेलेली बाई तक्रार करत नाही.
मी जिवंत आहे की नाही, याचं लेखी उत्तर, सही-शिक्क्यासह, परवा, २३ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन नको. निरोप नको. दाराखालून सरकवा, कडी काढायला आता बोटं —
डाव्या हाताने लिहिते आहे. त्याचाही अंगठा — पेन नीट धर —
पाचच्या आत. उशीर झाला तर वाचायला मी