उत्तरेकडची टाकी

॥ श्री ॥
डँडेनॉन्ग, २२ जून २०२५

ती. विश्राममामांस,
इरावतीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून मला पत्रं लिहायची सवय लागली. आजचं पत्र मोठ्या बातमीचं आहे. मेपलची झाडं मिळाली, एक-दोन नाहीत, चांगली साठ.

इथून अडीच तासांवर डोंगरात नोला नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंचं शेत आहे. त्यांच्या नवऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी ही झाडं लावली. खोडाला भोक पाडून रस काढायचा आणि आटवून पाक करायचा, हे त्याचं स्वप्न. तो गेला आणि पाक राहून गेला. आता त्यांचा मुलगा ग्रेग झाडं तोडून द्राक्षं लावणार आहे. प्रत्येक खोडाला त्याने लाल फीतसुद्धा बांधून ठेवली आहे. मी फारच हटून बसले तेव्हा म्हणाला, की ऑगस्ट संपायच्या आत या झाडांच्या पाकाची एक बाटली त्याच्या टेबलावर आली आणि ती खाण्याजोगी असली, तर झाडं राहतील. नोलाबाई नुसता माझा हात धरून बसल्या. मामा, मला ती झाडं वाचवायची आहेत.

अडचण अशी, की रस नळ्यांतून रोज टाकीत ठिबकणार आणि कारखान्यातल्या शिफ्टमुळे मी तिथे पोचणार शनिवारी. तोवर तो टाकीत टिकला पाहिजे. फॉस्टर स्ट्रीटवरच्या एका भारतीय दुकानातून निळी पिंपं फुकट मिळाली म्हणून मी खुशीत होते. गरम पाण्याने धुतली, सोड्याने धुतली, मग साधं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाखलं तर कैरीचं लोणचं, हिंगासकट. यतिन हसून हसून लोळला. नवरा असावा तर असा. शेवटी पाचशे लिटरची नवी पांढरी टाकी घेतली. तुम्ही तीस वर्षं पालघरचं नीरा केंद्र सांभाळलंत, ताडाचा रस आंबू न देणं हेच तुमचं काम. तेव्हा आता काय करू ते सांगा.

सुरुचीवहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तोही आंबू देऊ नये.

तुमची,
इरा


॥ श्री ॥
ब्लॅकटाउन, २८ जून

चि. इरावतीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. लोणच्याच्या पिंपात गोड रस भरायला निघालीस, हे वाचून तुझ्या आईची आठवण झाली. फुकट मिळालं की तीही पुढचं काही बघायची नाही.

ताड काय नि मेपल काय, रस झाडाबाहेर आला की आंबायची वाटच बघत असतो. टाकी नवी असली तरी धुवायची. साबण लावू नकोस, वास राहतो. घासणीनेही घासू नकोस. प्लास्टिकला ओरखडा गेला की आंबट त्यात घर करतं. ब्लीचचं अगदी पातळ पाणी आतून फिरव, मग साध्या पाण्याने चार वेळा विसळ आणि पालथी घालून पुरती वाळू दे. मडक्यांना आम्ही आतून चुना लावत असू, तो मात्र इथे नको. हवेच्या भोकावर बांधायला माझ्या जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा सोबत पाठवतो आहे. त्याला हसू नये.

सगळ्यात मोठी गोष्ट सावली. टाकी शेडच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून लावून ठेव. थंडीचे चार महिने आमची मडकी उत्तरेच्या भिंतीलाच असायची. तीस वर्षांत एकदाही नीरेची ताडी झाली नाही.

माझं ठीक चाललंय. कढीपत्ता तेवढा रुसलेला आहे. ऊन मिळावं म्हणून मी तो अंगणात घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी ठेवलाय, तरी बारा वर्षं चार पानांवर अडला आहे. सूनबाई सुरुची म्हणते, इथली मातीच तशी. यतिनरावांना आशीर्वाद, आणि हसणं आवरा म्हणावं.

तुझा,
विश्राममामा


॥ श्री ॥
डँडेनॉन्ग, १४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हरले. तुम्ही सांगितलंत ते अक्षरन् अक्षर केलं. टाकी चार वेळा विसळली, भोकाला धोतर बांधलं, टाकी उत्तरेच्या भिंतीला लावली. रसही भरपूर आला, तीनशे लिटर. शनिवारी झाकण उघडलं तर वर फेस आणि नाकात ताडीचा वास. तरी हट्टाने आटवला. कडवट, तार सुटलेलं काहीतरी झालं, ते गवतावर ओतलं.

ग्रेग येऊन बघून गेला. नो वरीज म्हणाला आणि करवतीला तेल घालायला बसला. नोलाबाईंनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. मी गाडीत बसून रडले, तुम्हाला म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र समजत नाही. जुलैच्या या ऐन थंडीत रात्री तिथे गवतावर बर्फ असतं, तरी दुपारी टाकीला हात लावला तर ती कोमट होती. तुमच्या अनुभवावर शंका घ्यायची माझी छाती नाही. माझंच कुठेतरी चुकलं असेल. राग धरू नये.

तुमची,
इरा


॥ श्री ॥
ब्लॅकटाउन, १९ जुलै

चि. इरावतीस अ. उ. आ.

तुझं काही चुकलं नाही. चुकलो मी.

पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागेना. काल भर बारा वाजता कढीपत्त्याला पाणी घालायला गेलो आणि त्या कोमट टाकीचाच विचार करत अंगणात उभा राहिलो. समोर माझी सावली पडली होती, घरापासून लांब, दक्षिणेकडे. कढीपत्ता घराच्या सावलीत गारठून उभा, आणि घराला वळसा घालून पाहिलं तर उत्तरेची भिंत उन्हाने नुसती तापलेली. इरा, विषुववृत्ताच्या खालच्या या देशात सूर्य उत्तरेकडून जातो. बारा वर्षं रोज सकाळी पूर्वेला तोंड करून मी त्याला अर्घ्य देतो, पण दुपारी तो असतो कुठे, हे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. पालघरची अक्कल जशीच्या तशी तुला पाठवली आणि तुझा रस मी आंबवला. मला फार वाईट वाटलं.

आता रडू नकोस, दिवस आहेत. टाकी पुन्हा धुऊन दक्षिणेच्या भिंतीला ने. प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून, बुचं घट्ट लावून, बाहेरून स्वच्छ धुऊन रसात सोड. त्या रोज बदलायला हव्यात. तू शनिवारी येणार, मग कोण बदलणार? नोलाबाई सकाळी लवकर उठत असतील. माझ्या वयाच्या माणसाला कोणी काम सांगत नाही, हेच मोठं दुखणं असतं. त्यांना विचारून बघ.

चुकलेल्या मामावर लोभ ठेव.

विश्राममामा


॥ श्री ॥
डँडेनॉन्ग, ४ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो.

तुमचं पत्र वाचून यतिनने कपाळाला हात लावला. आम्हीसुद्धा इथे आठ वर्षं आहोत, पण मामांनी सांगितलं म्हणजे उत्तर ती उत्तरच. टाकी दक्षिणेला नेली. नोलाबाईंना बाटल्यांचं विचारलं तर म्हणाल्या, की इतकी वर्षं कोणी विचारेल म्हणून थांबले होते. आठवडाभर त्या रोज पहाटे स्वेटरवर स्वेटर चढवून बाटल्या बदलत होत्या. शनिवारी झाकण उघडलं तर आत विहिरीच्या पाण्यासारखा नितळ रस, आणि हात बुडवला तर बोटं बधिर. तीनशे वीस लिटर होता. दोन दिवस चुलाण पेटतं ठेवलं. आठ लिटर पाक झाला, मधाच्या रंगाचा.

पहिली बाटली ग्रेगच्या टेबलावर ठेवली. त्याने ब्रेडला लावून खाल्ला, मग दुसरा ब्रेड घेतला. तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, करवत आणायला गेला. खिडकीतून बघते तर पहिल्या झाडाची फीत सोडत होता, मग दुसऱ्याची. नोलाबाईंनी खिडकी सताड उघडली आणि कोपऱ्यातलं एक राहिलं म्हणून त्याला ओरडून सांगितलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही.

बाटली तुमच्या धोतरात गुंडाळून पाठवते आहे. सोडलेल्या फितींतली एक फीतही सोबत आहे. ती तुमची.

इरा


॥ श्री ॥
ब्लॅकटाउन, ११ ऑगस्ट

चि. इरावतीस अनेकानेक आशीर्वाद.

बाटली सुखरूप पोचली. सुरुचीने घावन केले, मी पाच खाल्ले. नीरेची सर नाही, हे तुला खरं सांगितलं पाहिजे. तरी सहावा मागितला. नोलाबाईंना माझा नमस्कार सांग. पुढच्या जुलैत बाटल्या बदलायला मी येतो आहे, तिकीट काढायला लावलं आहे.

कढीपत्ता उत्तरेच्या भिंतीशी नेला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला तीन कोंब आले आहेत. तुझी लाल फीत त्यालाच बांधली. सूनबाईला बजावून सांगितलं आहे, की या फितीचा अर्थ आता बदलला. ज्याला फीत आहे, त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही.

तुझा,
विश्राममामा