कारणाचा रकाना

मंगळवार, दुपार

प्रिय ठकू,

तुझा जाडजूड लिफाफा गुरुवारी पोचला. उघडला तर आत सतरा पानी अर्ज, तीन प्रतींत, आणि तुझ्या हातची एक ओळ नाही. फक्त दोन ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या. एक शेवटच्या पानावर, माझ्या सहीच्या जागी. दुसरी अकराव्या पानावरच्या एका रकान्यापुढे: ‘भिंतीवरील नोंदी झाकल्या जाण्याचे कारण (पन्नास शब्दांत)’. गेले चार महिने तू आईला फोन करतेस आणि चुकून मी उचलला तर “आईला द्या” एवढंच म्हणतेस. त्यामुळे लिफाफ्यावर तुझं अक्षर पाहून आधी हरखलो. मग सतरा पानं मोजली आणि गळून गेलो. आता सरकारी कागद नुसता समोर आला तरी घड्याळाच्या मनोऱ्याच्या एकशे चौदा पायऱ्या चढून आल्यासारखे माझे पाय दुखतात. हे तुझ्यावर रागावून लिहीत नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो हल्ली सकाळच्या चावीलाच पुरा पडतो.

तुझं म्हणणं अर्जावरून कळलं. जुन्या भिंतीवरचा नवा रंग अलगद उतरवणारा कुणी जाणकार तुला भेटला आहे, त्यासाठी अनुदानाची वेगळी योजना आहे आणि अर्जाची मुदत महिनाअखेर संपते. आमच्या इथली बातमीही तुला कळली असेलच. नगर कार्यालयाने ठरवलंय की यंदा अनुदान नाही मिळालं तर मनोऱ्यावर विजेचं घड्याळ बसवायचं, जुनं यंत्र उतरवायचं आणि जिन्याच्या दाराला कुलूप लावायचं. विजेच्या घड्याळाला चावी लागत नाही, म्हणजे चावीवालाही लागत नाही. एकशे अकरा वर्षांत आम्ही पाच जण झालो. पाचवा मी, आणि शेवटचाही मीच ठरणार अशी लक्षणं आहेत.

तुला आठवतं का, पहिला अर्ज आपण किती हौसेने भरला होता? तू नकाशे काढायची नोकरी नुकतीच धरली होतीस. रजा काढून आलीस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेस. आईला चार दिवस भाजी मांडीवर घेऊन चिरावी लागली. तो अर्ज सात महिन्यांनी परत आला, कारण घड्याळ हे यंत्र आहे आणि यंत्रांसाठी उद्योग खात्याकडे जावं. उद्योग खात्याने विचारलं, या यंत्रातून उत्पादन काय निघतं? मी लिहिणार होतो की वेळ निघते, तू लिहू दिलं नाहीस. दुसऱ्या खेपेला आपण घड्याळ गाळून नुसत्या मनोऱ्यासाठी मागितलं. तेव्हा उत्तर आलं की मनोरा वापरात आहे आणि योजना वापरात नसलेल्या वास्तूंसाठी आहे. त्या कचेरीतल्या टाचणीबाई तुझ्या लक्षात असतील. कागद स्टेपलरच्या पिनेने जोडलेला दिसला की त्या पिन काढून टाचणी लावायच्या आणि मगच वाचायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काका, घड्याळ महिनाभर बंद ठेवा, काम होऊन जाईल. बाई मनाने चांगल्या. पण माझ्याच्याने ते झालं नसतं.

मग तिसऱ्या अर्जाच्या वेळी तुला भिंत सुचली. खरं तर तू त्या भिंतीपुढेच वाढलीस. शाळेत जायच्या आधी माझ्याबरोबर वर यायचीस, पायऱ्या मोजायचीस आणि दर वेळी एक कमी भरली म्हणून भांडायचीस. मी चावी देईपर्यंत तू भिंतीवरच्या पेन्सिलीच्या नोंदी अक्षर लावून लावून वाचायचीस. तुझं वाचन पाठ्यपुस्तकाआधी तिथे पक्कं झालं. आम्हा पाचही जणांची रीत एकच. चावी दिली की तारीख टाकायची, घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे ते लिहायचं आणि वाटलंच तर दोन शब्द. पहिल्या चावीवाल्याचं अक्षर मुंगीएवढं. दुसऱ्याची तक्रार कायम पारव्यांची. तिसऱ्याने एका सकाळी लिहिलं होतं, ‘मुलगी झाली. घड्याळ बरोबर.’ तू ते वाचून मला विचारलंस की मी झाले तेव्हा तुम्ही काय लिहिलं? मी दाखवलं: ‘चार मिनिटं मागे. माझीच चूक. आनंद.’ त्या दिवशी तू सगळ्या शाळेला सांगत सुटलीस की माझ्यामुळे गावाचं घड्याळ चुकलं.

आणखी एक ओळ तू विचारली होतीस, खाली कोपऱ्यातली. ‘चावी दिली नाही. घड्याळ बंद. दोन दिवस.’ अक्षर माझंच. मी सांगितलं की तेव्हा घड्याळ आजारी होतं. तुझं समाधान झालं आणि तू खाली पळालीस.

पाहणी अधिकारी यायच्या दोन दिवस आधी तू तिसऱ्या अर्जाची बांधलेली प्रत घरी पाठवलीस. काम देखणंच होतं, त्यात शंका नाही. पण पहिल्याच पानावर तू त्या कोपऱ्यातल्या ओळीचा फोटो मोठा करून लावला होतास. खाली छापलं होतं, ‘पुरावा क्रमांक सात’. आणि त्याखाली तुझी वाक्यं: ‘एकशे अकरा वर्षांत घड्याळ थांबल्याची ही एकमेव नोंद आहे. त्या दिवशी शहरावर मोठे संकट आले असावे. संशोधनास वाव आहे.’ मी चष्मा शोधेपर्यंत ती प्रत आईने वाचली होती. प्रत मिटून फडताळावर ठेवली आणि कणीक मळायला घेतली. खूप वेळ मळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाडू घेऊन वर गेलो. तुझी सक्त ताकीद होती की भिंतीला हात लावायचा नाही, ओल दिसू द्या, भेगा दिसू द्या, साहेबांना सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. मी फक्त जिना झाडणार होतो. वर पोचलो तर खाली कोपऱ्यात निळ्या रंगाचा एक पट्टा, वहीच्या पानाएवढा आणि ओला. तो निळा रंग मी ओळखला. मागच्या वर्षी आपल्या फडताळाला लावून उरला होता, डबा मोरीत पडून होता. आईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. दोन पायऱ्या उतरायच्या तरी भिंत धरते. तुझ्या जन्माआधीपासून ती मनोऱ्यात चढली नव्हती. त्या दिवशी मी शिंपीकाकाच्या दुकानात बसलो होतो तेवढ्यात ती एकशे चौदा पायऱ्या चढली, ती एक ओळ झाकली आणि उतरून घरी आली. मी घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. बोटाच्या पेरावर निळा ठिपका होता. मी पाहिला आणि मी पाहिलाय हे तिने पाहिलं.

आता माझा मूर्खपणा ऐक. मला वाटलं, साहेब आले की पहिल्यांदा त्या निळ्या पट्ट्याकडेच पाहतील. पुरावा क्रमांक सात कुठे आहे म्हणून विचारतील. तू विचारशील. खाली काय आहे, कुणी झाकलं, का झाकलं, आणि शेवटी हे सगळं तिच्यापाशी जाऊन थांबेल. पट्टा लपवायला मला एकच उपाय सुचला. मी बाजारातून पांढऱ्या रंगाचा मोठा डबा आणला आणि ती भिंत छतापासून जमिनीपर्यंत रंगवून काढली. मुंगीएवढं अक्षर गेलं, पारवे गेले, ‘मुलगी झाली’ गेलं. तुझा आनंदही गेला, तो मी सगळ्यात शेवटी रंगवला. त्यावरून ब्रश दोनदा फिरवावा लागला. दुसऱ्या दिवशी साहेब आले, रंगाच्या वासाने शिंकले आणि त्यांनी लिहिलं, ‘नोंदी आढळल्या नाहीत. वास्तू सुस्थितीत.’ मी तुला फोनवर सांगितलं की साहेब येणार म्हणून जरा साफसफाई केली. तू म्हणालीस की बाबा, तुम्ही चार माणसांचं आयुष्य पुसलंत. बरोबर बोललीस. तेव्हापासून हे मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

तुला वाटत असेल, आम्ही दोघं याबद्दल बोललो असू. नाही बोललो. मी तिला विचारलं नाही की तू का गेलीस आणि तिने मला विचारलं नाही की सगळी भिंत का रंगवलीत. जेवायला बसायचो, मीठ पुढे करायचो, हवा कशी आहे ते सांगायचो. इतक्या वर्षांच्या संसारात न बोलायची सवय हाडीमाशी खिळते. मी रोज सकाळी वर जायचो, चावी द्यायचो, खिशातून पेन्सिल काढायचो आणि पांढऱ्या भिंतीपुढे तशीच परत ठेवायचो. तिथे लिहायची हिंमत झाली नाही. घड्याळ किती पुढे, किती मागे, याची चार महिन्यांत एकही नोंद नाही.

गुरुवारी तुझा अर्ज आला, तोही तिनेच आधी वाचला. अकराव्या पानावर थांबली. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली की लिहा तिला. काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाली की संकट शहरावर नव्हतं आलं, एवढं तरी लिहा. मग आम्ही बोललो. दुपारभर बोललो, चहा दोनदा निवला. तिला त्या ओळीचा राग नव्हता. मी वर जाऊन असं काही लिहिलंय हे तिला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. त्या दोन दिवसांत टोले पडले नाहीत ते तिने अंथरुणावरून ऐकलं होतं, म्हणजे ऐकू आले नाहीत हे तिला कळलं होतं. तिला वाटायचं, एवढंच काय ते तिचं आणि माझं. ते कुणा अनोळखी माणसाने बोट लावून तपासावं, त्याला क्रमांक द्यावा आणि फायलीत टाचणीने टोचून ठेवावं, हे तिला सोसलं नाही.

ठकू, तुझ्या आधी दोन वर्षं तुला एक भाऊ झाला होता. नऊ दिवस होता. नाव ठेवायचं राहून गेलं. दहाव्या दिवशी आणि अकराव्या दिवशी मी चावी दिली नाही. गावाचं घड्याळ बंद पडलं, लोकांनी तक्रार केली आणि नगर कार्यालयाने मला लेखी कारण विचारलं. मी ‘अपरिहार्य’ असा एक शब्द लिहून दिला आणि त्यांना तो पुरला. त्या वेळी एका शब्दात सुटलो, आज पन्नास शब्दांची मुभा असून जमत नाही. तुला सांगितलं नाही ते कशासाठी, हेही आता धड आठवत नाही. आधी तू लहान होतीस, मग मोठी झालीस, मग उशीर झाला. अर्जावर मी सही केली आहे. भिंत उघडी व्हावी असं आईचंही म्हणणं आहे, पण तू ये, नुसता जाणकार धाडू नकोस. ती पुन्हा चढणार आहे, तुझा हात धरून, आणि रंग कुठून उतरवायला सुरुवात करायची ते तीच दाखवणार आहे. कारणाचा रकाना मी कोराच ठेवलाय. तो ती स्वतः भरणार म्हणते, तुझ्यासमोर, पेन्सिलीने. मी तिला म्हटलं की अगं, असे अर्ज काळ्या शाईने भरायचे असतात, पेन्सिल चालत नाही. तर म्हणाली, भिंतीवर काय शाई होती?

वाट पाहतो. पायऱ्या मी झाडून ठेवीन, बाकी कशालाही हात लावणार नाही.

तुझाच, चार मिनिटं मागे असलेला,
बाबा