एवढी ओळ पुरी होऊ दे

सोमवार, ३ तारीख

आज कामावर रुजू झालो. चाळीस वर्षं वायरिंग केलं. दुसऱ्याची शिडी धरण्यापासून सुरुवात, शेवटी स्वतःचं दुकान. ते धाकट्या भावाच्या हवाली करून घरी बसलो, तर तिसऱ्याच आठवड्यात मुलगी म्हणाली की बाबा, कुठंतरी कामाला लागा, नाहीतर मीच लागते.

शुश्रूषागृह छान आहे. आमच्या मजल्यावर बारा खोल्या. वऱ्हांड्याच्या टोकाला माझं टेबल, त्यावर घंटीचा फलक. पेशंटनं उशाचं बटण दाबलं की टर्र वाजतं आणि त्याच्या खोलीच्या आकड्यामागचा दिवा लागतो. मी जाऊन बघायचं, गरज असेल तर सिस्टरला बोलवायचं. दुपारी दोन ते चार सिस्टर खाली औषधांच्या खोलीत असतात, तेव्हा मजला माझ्या भरवशावर. मेट्रनना म्हटलं, कानांची काळजी करू नका, नुसत्या आवाजावरून पंखा किती दिवस चालेल ते सांगतो. त्यांच्या पंख्याचं सांगितलंही. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

फरशी पुसणाऱ्या मावशी इथल्या सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं इथंच. मागच्या खोलीतच राहतात. दुसरं घर नाही. त्यांनी सरळ विचारलं की काका, तुम्ही झोपणारे की जागणारे? आधीचे झोपणारे होते म्हणे.

बुधवार, ५ तारीख

दोन ते चार इतकं शांत असतं की स्वतःचं घड्याळ ऐकू येतं. सात नंबरच्या बाई (शाळेतून निवृत्त, हृदयाचं दुखणं) दुपारी वऱ्हांड्यात विणत बसतात. माझी चुळबूळ त्यांना बघवेना. सुया आणि करडी लोकर हातात देऊन म्हणाल्या, मफलर करा. अठ्ठेचाळीस टाके, एक ओळ सुलट, एक उलट. माझे टाके ढिले पडतात. यातून मासेसुद्धा निसटतील, म्हणाल्या.

नियम मात्र एकच शिकवला. "ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. टाके सुटतात, आणि परत आल्यावर आपण कुठं होतो ते कळत नाही."

मंगळवार, ११ तारीख

वीतभर झालं. अशी गंमत आधी कुणी सांगितली असती तर दुकानात निम्मी भांडणं केली नसती. सुयांची टिकटिक सुरू झाली की डोकं निवतं. मावशी म्हणाल्या, जावईबापूंसाठी का? म्हटलं, जावयाला एवढं ढिलं चालायचं नाही, तो आधीच ढिला आहे. मावशी फडकं तोंडावर धरून हसल्या.

बाईंना दोन दिवस अंथरुणातच राहायला सांगितलंय. करमत नाही म्हणून सारखी घंटी वाजवतात. खिडकी उघडा, खिडकी लावा, चष्मा कुठाय.

गुरुवार, १३ तारीख

हे लिहू की नको, असं तासभर झालं. लिहितोच. निदान इथं तरी.

दोन चाळीसला सात नंबर वाजला. मी नुकतीच ओळ धरली होती. म्हटलं, खिडकी असेल, एवढी ओळ पुरी होऊ दे. पुन्हा वाजला. बत्तीस टाके उरले होते. तिसऱ्यांदा अगदी थोडंसं वाजलं, चिमणी चिवचिवावी तसं. मी ओळ पुरी केली. सुया नीट गुंडाळून ठेवल्या. मग गेलो.

बाई अर्ध्या पलंगाबाहेर होत्या. अंगठा बटणावर.

सिस्टरला हाक मारली. ती वर येईपर्यंत मी टेबलाखाली वाकलो आणि सातची वायर उपटली. अर्धं मिनिट लागलं. चाळीस वर्षांची हातोटी.

डॉक्टर म्हणाले, चार-पाच मिनिटं आधी कळतं तर वाचल्या असत्या. मी म्हणालो, घंटी वाजलीच नाही. मेट्रननी वाकून वायर पाहिली. मी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की सकाळी फरशी पुसताना टेबल सरकवलं होतं.

शुक्रवार, १४ तारीख

मावशींची येत्या गुरुवारी चौकशी. तोवर फलकाला हात लावायचा नाही, वायर लोंबतीच ठेवायची. मावशी शपथा घेत नाहीत, रडत नाहीत. टेबलापाशी येऊन एवढंच विचारलं, "काका, तुमचे कान एवढे तिखट. तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

मी टाके मोजत असल्यासारखं केलं.

सोमवार, १७ तारीख

दोन चाळीसला सात नंबर वाजला.

वायर लोंबतेय. दिवा लागला. ओळ अर्धी टाकून धावलो. गादी गुंडाळलेली, खिडकी बंद, बटण खुंटीवर. परत आलो तर माझी ओळ पुरी झालेली. टाके घट्ट, एकसारखे. माझे नाहीत. माझ्या हाताला असे टाके जन्मात येणार नाहीत.

मंगळवार, १८ तारीख

काल जाताना ती ओळ उसवून टाकली. आज आलो तेव्हा विणलेलं. अठ्ठेचाळीसचे त्रेपन्न टाके. पुन्हा मोजले — साठ.

सात तीनदा वाजला. तिसऱ्यांदा थोडंसं.

गुरुवार, २० तारीख

चौकशी झाली. मी पुन्हा तेच बोललो. बोलताना खिशातल्या हाताची बोटं आपोआप हलत होती, सुलट, उलट.

मावशींना काढलं. उद्या चारच्या आत खोली रिकामी करायची. कुठं जाणार, असं कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, बघू.

शुक्रवार, २१ तारीख. तीन वाजता

ठरवलं. मेट्रनना सांगायचं — घंटी वाजली, तीनदा वाजली, वायर मी उपटली. दोन वाक्यांचं काम आहे. मावशी जायच्या आत.

सव्वातीन

उठणार होतो. सुया हातात कधी आल्या आठवत नाही. सात वाजतोय. ओळीच्या मध्यावर आहे. दहा टाके घालायचे, मग एक शब्द लिहायचा. हात सुटत नाही —

साडेतीन

शंभर झाले. टोक दिसत होतं, आता दिसत नाही. लोकर बोटांभोवती — घट्ट —

पावणेचार

मावशींची पेटी जिन्यावर. एकेक पायरी ऐकू येते. टेबलापाशी थांबल्या. म्हणाल्या, येते काका.

सांगायला तोंड उघडलं. तोंडातून आलं, दोनशे बारा.

त्यांनी पेटी उचलली. गेल्या.

फाटकाची कडी. अजून हाकेच्या अंतरावर आहेत — पावलं ऐकू येतात — आता हाक मारतो, मारतोच — थोडेच टाके — एवढी ओळ