तुझ्या गाडीच्या नोझलबद्दल

प्रिय बारक्या,

तुझं पत्र परवा मिळालं आणि वाचून आधी तुझ्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. डिझेल फवारायला मोठे नोझल, ते ढकलायला इंजिनाच्या पंपात मोठे प्लंजर, टाकीजवळ आणखी एक नवा पंप, सगळं एकदम बसवून दे म्हणतोस. चढावर दगड भरून तिसऱ्या गिअरमध्ये जायचंय म्हणून पिकअपचं इंजिनच फुंकून टाकायला निघालास. तुला हवं ते उत्तर देते, पण त्याबरोबर दुसरी एक गोष्टही सांगणार आहे. ती वाचल्यावर गाडी माझ्याकडे आणायची की नाही, आणि मला यापुढे ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव. म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर मला जमलं नसतं, तू मध्येच हसून विषय उडवून लावला असतास.

आधी टाकीपासून सुरुवात कर. इंजिनात दम उरला नाही असं तुला वाटतं, पण त्याला पोटभर डिझेलच मिळत नाहीये. टाकीतून डिझेल ओढणारा तुझा पंप म्हातारा झालाय. तो बदल आणि त्याच्या जोडीला पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर लाव, कारण पाणी गेलं की नोझलचं टोक सडलंच म्हणून समज. मग नोझल. फक्त एक माप मोठे, चारही एकाच संचातले आणि एकाच दाबावर लावलेले. त्यातला एक जरी जास्त ओकायला लागला तरी त्याच्याखालचा पिस्टन जळतो. मोठे प्लंजर डोक्यातून काढून टाक. तेवढं डिझेल जाळायला तुझ्या टर्बोकडे हवा नाही. नुसता काळा धूर निघेल, मागचे गाडीवाले तुझा उद्धार करतील आणि एक दिवस पिस्टनला भोक पडून भररस्त्यात बसशील. इंजिनावरचा मोठा पंप आहे तोच ठेवून, तपासायच्या बेंचवर चढवून नव्या नोझलच्या मापाने लावून घ्यायचा, बस्स. आणि टर्बोच्या तोंडाशी तापमानाचा काटा बसव. काटा लाल खुणेला टेकला की पाय काढायचा. तू काढणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

इथली बातमी तुझ्या कानावर आलीच असेल. खडीवाल्या ठेकेदाराने डिझेलमध्ये रॉकेल मिसळून गाड्या पळवल्या, पंप जाम झाला आणि खापर माझ्यावर. मंगळवारी भर दुपारी तो कारखान्यात शिरला आणि त्याने चार माणसांदेखत माझा गळा धरून मला बेंचवर दाबलं. बेंचची कड पाठीत रुतत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हाताला मोठा पाना लागला, तो मी त्याच्या मनगटावर हाणला. त्याने गळा सोडला आणि मनगट धरून तो दोन पावलं मागे सरकला. तेव्हा मी दुसरा फटका मारला, कोपरावर. हाड मोडलेलं ऐकलं आणि तिसऱ्यासाठी हात वर नेला. मिस्त्रींनी मागून कव घालून खेचलं म्हणून तो माणूस आज दवाखान्यात आहे, नाहीतर आणखी कुठे असता. चौकीत मिस्त्री, दोन्ही कारागीर, समोरचा टायरवाला, सगळ्यांनी एकच जबाब दिला, की बाईंनी जीव वाचवायला मारलं. फौजदार तर म्हणाला, आणखी एक ठेवून द्यायची होती. सगळे हसले. मीही हसले. पण जीव वाचवायला होता तो पहिला फटका, दुसरा नव्हता. दुसऱ्या वेळी मला राग सुद्धा आला नव्हता रे. डोकं अगदी थंड होतं, त्याचं कोपर कुठे आहे ते नीट दिसत होतं. हे थंड डोकं माझ्या ओळखीचं आहे, म्हणून त्या दिवसापासून झोप नाही.

आपण दोघं बापाचा मार खातच वाढलो. आप्पांची ती डिझेलची रबरी नळी बेंचशेजारच्या खिळ्याला असायची, कारागिरांच्या पाठी तिनेच मऊ व्हायच्या आणि आपल्याही. आपण एकमेकांना तरी कुठे सोडलं? तुझा पुढचा दात मी पान्याने पाडला, माझ्या खांद्यावर तुझ्या चाव्याची खूण अजून आहे, आणि त्यावर आपण आजही खिदळतो. पण एका माराबद्दल आपण कधी बोललो नाही. पंप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत दोन वर्षं शिकाऊ म्हणून माझी निवड झाली होती. निवडीचं पत्र मी पान्यांच्या पेटीत तळाशी लपवलं होतं. तू ते आप्पांना दाखवलंस. त्यांनी ते फाडलं आणि नळी माझ्या पाठीवर इतकी चालवली की चार दिवस मी पालथी झोपले. तू दारात उभा होतास. नंतर हळूच म्हणालास, तू गेली असतीस तर मी एकटा सापडलो असतो ना त्यांच्या तावडीत. सतरा वर्षांचा होतास, खरंच बोललास. मला मात्र ते ऐकून तुझा गळा आवळावासा वाटला.

पाचव्या दिवशी मी पुन्हा कामाला उभी राहिले आणि त्याच सकाळी तुझ्या हाताला ते झालं. सगळ्यांना माहीत असलेली हकीकत अशी, की नोझल तपासायच्या टेस्टरचा दांडा माझ्या हातात होता, नोझलच्या टोकाला थेंब लोंबत होता, तू तो पुसायला फडकं पुढे केलंस, माझं लक्ष दाबाच्या काट्यावर होतं आणि मी दांडा ओढला, तशी टोकातून डिझेलची सुईसारखी धार सुटली. तळहातावर सुईच्या टोकाएवढा ठिपका पडला, धड रक्त सुद्धा नाही. डास चावला म्हणून तूच हसलास. आप्पांनी फुंकर मारली आणि काम चालू राहिलं. दुपारी हात ठणकायला लागला, मग टम्म फुगला, काळानिळा पडला. संध्याकाळी डॉक्टरांनी मनगटापर्यंत चिरला तेव्हा आतून डिझेलचा वास येत होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणला असता तर बोटं वाचली असती. आप्पा तिथल्या भिंतीवर डोकं आपटून घेत होते, त्यानंतर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. त्या हाताने प्लंजर बसवणं तुला जमेना, म्हणून तू गाडीवर गेलास आणि हा बेंच, ही पाटी, सगळं माझ्या वाट्याला आलं. मी तोंड उघडायच्या आधी खाटेवरून तूच सगळ्यांना सांगितलंस, ताईचं लक्ष काट्यावर होतं, तिला कुणी बोलायचं नाही.

आणि आता तू पत्राच्या शेवटी लिहितोस, गुरुवारी गाडी घेऊन येतो, पूर्वीसारखं करू, तू दांडा ओढ, मी नोझल पुसतो, तुझ्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही. बारक्या, ते वाचलं आणि हे लिहायला बसले. माझं लक्ष काट्यावर नव्हतं. तुझं फडकं बाजूला सरलेलं आणि उघडा तळहात टोकासमोर आलेला मी पाहिला, आणि मग दांडा ओढला. तो ठिपका म्हणजे डिझेल मांसात शिरलं, हेही आपल्या कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं, कारण निवडीच्या परीक्षेसाठी टेस्टरचं पुस्तक मी पाठ केलं होतं आणि ताबडतोब दवाखान्यात न्या असं त्यात ठळक लिहिलं होतं. तू हसत होतास, मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. वीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो एका क्षणाचा राग होता. मंगळवारी कळलं, राग नव्हताच. मी तुझी क्षमा मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील. या वेळी तसं करू नकोस. नोझल आणि फिल्टर बांधून ठेवलेत, पलीकडच्या गावचा पंपवाला बसवून देईल, माणूस चांगला आहे. माझ्याकडे यायचंच असेल तर ये, मारायला आलास तरी चालेल, पण हसत येऊ नकोस.

लिहायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
ताई