बैठकीतलं बाहेर

सोमवार, १० नोव्हेंबर
आज पुन्हा तिघांची बैठक. सावे मॅडम मुख्याध्यापिका होऊन आल्या तेव्हापासून दर सोमवारी. मोबाईल बाहेर ठेवायचे. आधी मागचं ठरलेलं झालं का, मग आजचे विषय, शेवटी कोण काय करणार. जुन्या सरांच्या वेळी बैठक म्हणजे चहा आणि कोण किती रजा टाकतो याच्या गप्पा. आता कामं होतात, नाही कसं म्हणू? मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी एका बैठकीत लागली. तरी मला हा टापटीपपणा खुपतो. इतकं नीट कोणी उगाच वागत नाही.

शेवटचा विषय अचानक आला. संस्थेला दुपारची शाळा बंद करायचीय. वर्ग इंग्रजी माध्यमाला हवेत. सगळ्या मुलांना सकाळी सातला बोलवायचं. आणि पाड्यावरची मुलं? त्यांची पहिली एसटीच नऊनंतर. मी बोलले. तिसरे राऊत सर, आमचे उपमुख्याध्यापक, खिडकीबाहेर बघत बसले.
मॅडम म्हणाल्या, "अजून पक्कं नाही. तोवर बैठकीतलं बैठकीतच."
म्हणजे नुसती मान हलवायला बोलावलं का?

बुध. १२
शाळा सुटल्यावर रा. सर संस्थेच्या सचिवांच्या गाडीत बसताना दिसले. राहतात सालवडला. गाडी वळली उलट दिशेला, पालघरकडे.

शुक्र. १४
बालदिनाचा कार्यक्रम चालू, आणि फाटकाशी पाड्यावरच्या बाया. पुढे मंगळी, आठवीतल्या सुनंदाची आजी. मुलगा-सून वीटभट्टीवर गेलेत, पोर हिच्याकडे.
"बाई, दुपारची शाळा बंद करता काय? पोर सातला कशी येल? आमी तिला भट्टीवर नाय धाडली. शाळेसाठीच ठेवली हाय."
"कोणी सांगितलं तुम्हाला?"
"ता नको इचारू. खरा हाय का नाय, ता सांग."
अजून ठरलं नाही म्हटलं. तिच्याकडे बघवेना.

बैठकीत आम्ही तिघं. मी बोलले नाही. मॅडमनी तर स्वतः बजावलेलं. राहिलं कोण? पण सचिवांचा माणूस पाड्यावर कशाला सांगेल? बाया चिडाव्यात, त्याचं खापर मॅडमवर फुटावं, म्हणून?

शनि. १५
राहवलं नाही. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा विचारलंच. "सर, पाड्यावर तुम्ही सांगितलंत?"
त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "तुम्हाला मी वाटलो? बाई, सचिवांशी भांडायला बसलो होतो गाडीत. वाटेतच उतरवलं त्यांनी मला."
खरं वाटलं. पण असं कोणीही म्हणेल.
इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो. आज डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले.

सोम. १७
बैठक. गप्प बसायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "मागच्या वेळचं बाहेर गेलं. आधी त्यावर बोलू."
मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मी सांगितलं. गुरुवारी स्वतः गेले होते पाड्यावर."
मग माझ्याकडे वळल्या.
"तुम्ही इथे बोललात, बाई. पण संस्थेसमोर बोलला असता? मला खात्री नव्हती. त्या बायांची होती."
"आणि आम्हाला तोंड बंद ठेवायला सांगितलंत?" रा. सरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.
"तुमच्यावर काही येऊ नये म्हणून."
आलं ते आलंच. सरांवर. आणि आणलं मी.

बाया संस्थेच्या कचेरीतही जाऊन बसल्या होत्या. निर्णय पुढे ढकलला, रद्द नाही. मग नेहमीसारखी कामं वाटली: मी पाड्यावरच्या पालकांना भेटायचं, सरांनी सकाळच्या एसटीसाठी डेपोत जायचं.
जिन्यात सरांना सॉरी म्हटलं. "बघू," म्हणाले.

शुक्र. २१
पाड्यावर जाऊन आले. मंगळीने उकडलेले कंद पुढे ठेवले. मॅडमचं फार कौतुक. "ती बाई आमची हाय."
असेल. पोरींसाठी बरंच केलं तिने, यात शंका नाही. पण उद्या ती पुन्हा म्हणेल, हे आपल्या तिघांतच. तेव्हा खरं काय आणि आम्हाला दाखवायचं काय, कसं ओळखायचं?

सोम. २४
आजचा पहिला विषय: दुपारची शाळा, पुढे काय. मॅडम अजून यायच्या होत्या. आम्ही दोघंच बसलेलो.
"संस्थेसमोर बोलणार तुम्ही?" रा. सरांनी विचारलं.
"तुम्ही?"
उत्तर देण्याआधी दोघांनीही दाराकडे पाहिलं.