दारावरची भिंत

रॉटरडॅम बंदर

लाडक्या एव्दोकियाला,

मी मजेत आहे. जहाजावर जेवण बरं मिळतं, खोकलाही थांबलाय.

ईस्टरचा फोटो पोचला. अंगण, पायऱ्या, भिंती, सगळं चुन्यानं कसं लख्ख दिसतंय! मागचा आपला समुद्र पाहून जीव कासावीस झाला. आईचे गुडघे कसे आहेत?

एक विचारायचं होतं. स्टुलावर चढूनही दारावरच्या भिंतीला तुझा हात पोचत नाही. मग तिथवर चुना कोणी मारला? गल्लीत तेवढा उंच शेजारचा स्तामातिसच. माझं काही म्हणणं नाही, सहज विचारलं.

मी चढायचो तेव्हा तू खालून ओरडायचीस, "अहो जपून, पडाल!" त्यालाही म्हणालीस का?

ऑगस्टात येतोच आहे. तोवर दारावरची भिंत काळी पडली तरी चालेल.

तुझाच,
लेफ्तेरिस